आगबोटीचं इंजिन हवेवर पळतं, वाफेवर दोन मिनिटांत जाम. काय चुकतंय?

मिऱ्या_किनारा (रत्नागिरी):

नमस्कार मंडळी, जरा मोठं लिहितोय, वाचून घ्या. आम्ही इथे सात जण दर रविवारी सकाळी माझ्या घरामागच्या पडवीत जमतो, एक जुनं लेथ, एक ड्रिल मशीन आणि एक बाकडं एवढाच संसार. एसटीतून रिटायर झालेले मेकॅनिक काका, आयटीआयची दोन पोरं, एक सुतार, शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या बाई, त्यांचा नववीतला मुलगा आणि मी. आधी एकदा गणपतीला कोकण रेल्वेच्या पानवल पुलाचा देखावा केला होता, खरा पूल ६४ मीटर उंच, आम्ही १:८७ ने केला म्हणजे ७४ सेंटीमीटरच्या आसपास, लांबी काही घरात मावेना म्हणून मधले तीनच गाळे घेतले, पण वरून गाडी गेली की पोरंटोरं हलायची नाहीत तिथून. मग पत्र्याच्या डब्यांचं स्टर्लिंग इंजिन केलं, तेही मेणबत्तीवर फिरलं.

यंदा आगबोट घेतलीय. माझी आजी मुंबईला आगबोटीने जायची, बोट बाहेर समुद्रात उभी, पडावातून तिथवर जायचं आणि लाटेवर वरखाली होत शिडी पकडायची, हे तिने इतक्यांदा सांगितलंय की ती शिडी मीच पकडल्यासारखी वाटते. म्हणून आमची बोट बॅटरीवर चालवायची नाही, वाफेवरच, मीटरभर लांबीची.

इंजिन ऑसिलेटिंग टाईपचं आहे, म्हणजे सिलिंडरच डोलतो आणि डोलता डोलता वाफेची भोकं आपोआप उघडतात-मिटतात, वेगळे वाल्व नाहीत. बोर (सिलिंडरचा आतला व्यास) १२ मिमी, स्ट्रोक (पिस्टनची धाव) १६. सिलिंडर एमएसच्या म्हणजे साध्या पोलादाच्या रॉडातून काढला, पिस्टन पितळी. पोरांनी फिटिंग असं केलंय की तेल लावून पिस्टन दाबला, भोक बोटाने बंद केलं आणि सोडला की तो परत वर येतो, आम्ही सगळे खूश. पंक्चरवाल्याच्या कंप्रेसरवर अर्धा तास न थांबता फिरलं. पण वाफ सोडली की आधी भकभक पाणी टाकतं, मग छान वेग घेतं आणि दोन मिनिटांत खट्कन अडकतं. गार झालं की परत मोकळं. असे तीन रविवार गेले.

बॉयलर तांब्याचा, ७६ मिमीचा पाईप (हॉस्पिटलच्या ऑक्सिजन लाईनचा उरलेला तुकडा मिळाला), १५० मिमी लांब, खाली स्पिरिटचा दिवा. सांधे ओळखीच्या एसी मेकॅनिकने मारून दिले. टेस्ट पण केलीय, कंप्रेसरने हवा भरून बादलीत बुडवला, एकही बुडबुडा नाही. ३० पीएसआयवर (चौरस इंचाला ३० पौंड दाब) चालवतो. नारळी पौर्णिमेच्या आत देवळाच्या तळ्यात सोडायची आहे, कृपया सांगा.

टर्नर_चिपळूण:

दादा, गार झालं की मोकळं होतं म्हणताय ना, तिथेच उत्तर आहे. पितळ लोखंडापेक्षा जास्त फुगतं. १२ च्या बोरला तापमान १०० डिग्रीने वाढलं की पिस्टन सिलिंडरपेक्षा साधारण ८ मायक्रॉन जास्त वाढतो, म्हणजे जवळजवळ पॉईंट झिरो वन मिमी. त्यात सिलिंडरला बाहेरून वारा लागतो आणि पिस्टन आत वाफेतच बसलेला, त्यामुळे खरा फरक त्याहून जास्तच पडतो. पोरांनी इतकं टाईट बसवलंय की तेवढी जागाच उरलेली नाही. त्यांना बोलू नका, आयटीआयच्या वयात असं फिटिंग जमणं सोपं नाही, मी स्वतः पहिली दोन वर्षं नुसती कानस मारत होतो.

पिस्टन पॉईंट झिरो टू मिमीने कमी करा आणि त्याला एक खाच पाडून ग्राफाईटचा दोरा गुंडाळा. पण माझं ऐकाल तर सिलिंडरच गनमेटलचा (तांबं-कथलाचा मिश्रधातू) करा, एमएसचा वाफेत आठवडाभरात आतून गंजेल, रत्नागिरीच्या हवेत तर नक्कीच. गनमेटलसाठी मुंबईला जायला नको, ट्रॉलरच्या पंख्याच्या शाफ्टचे झिजलेले बुश मिरकरवाड्यात दुरुस्तीवाल्यांकडे पडलेले असतात, वजनावर देतात. एक बुश कापला की तुमचे दोन सिलिंडर निघतील. सिलिंडर जिथे प्लेटला घासतो तो चेहरा काचेवर ओला पॉलिश पेपर ठेवून आठच्या आकड्यात घासून घ्या, आरशासारखा सपाट झाला पाहिजे नाहीतर अर्धी वाफ तिथूनच जाते.

आणि तेल कुठलं घालता? गाडीचं इंजिन ऑइल वाफेत धुऊन जातं. स्टीम सिलिंडर ऑइल घ्या, ४६० किंवा ६८० ग्रेड. वाफेच्या पाईपवर एक छोटी बंद डबी बसवायची तेलाने भरून, थोडी वाफ आत जाते, तिचं पाणी होतं, पाणी तळाला बसतं आणि तेवढंच तेल वर उचलून पाईपात सोडतं. हलता पार्ट एकही नाही. नववीतल्या मुलाला हे काम द्या, त्याला ते आयुष्यभर लक्षात राहील.

खाडीकाठ (दाभोळ):

इंजिन जरा बाजूला ठेवा. हवा भरून टेस्ट केली हे वाचलं आणि जेवण अर्धवट टाकून लिहायला बसलोय. मी वीस वर्षं जहाजांवर बॉयलरपाशी काढली आहेत. तुमका सांगतंय, ह्यात मस्करी नाय करूची.

हवा दाबली की ती स्प्रिंगसारखी ताकद साठवून ठेवते. सांधा सुटला तर झाकण गोळीसारखं उडतं, आणि बादलीवर तुम्ही सगळे वाकून बुडबुडे बघत असणार, त्यात तो नववीतला पोर सगळ्यात पुढे. पाणी दाबलं जात नाही, त्यामुळे पाण्याच्या टेस्टला सांधा फुटला तर फक्त चार थेंब येतात आणि दाब तिथल्या तिथे शून्य होतो. म्हणून बॉयलर काठोकाठ पाण्याने भरा, आत हवेचा फुगासुद्धा ठेवू नका, प्लंबरकडे पाईपलाईन तपासायचा हातपंप असतो तो एका दिवसासाठी मागा आणि चालवायच्या दाबाच्या दुप्पट म्हणजे ६० पीएसआयवर पंधरा मिनिटं धरा. काटा हलता कामा नये. झाकणं फुगली का ते पट्टी लावून बघा. दोन्ही झाकणांना जोडणारी सळई आतून घातलीय का? सपाट झाकण असेल तर ती हवीच.

दुसरं, एसीवाल्याने सांधे जोडायला काडी कुठली वापरली ते विचारा. त्यांची नेहमीची काडी तांबं-फॉस्फरसची असते, तांब्याला तांबं जोडायला ती फ्लक्सशिवाय (सांधा साफ ठेवणारी पावडर) चालते, पण पितळेला फ्लक्स लावल्याशिवाय ती नीट धरत नाही. तुमचे सेफ्टी वाल्वचे आणि पाणी भरायचे बुश (बॉयलरला जोडलेल्या आट्यांच्या कड्या) पितळेचे असतील तर तिथे मला शंका आहे. तसंही बॉयलरात पितळेचा बुश नकोच, गरम पाण्यात त्यातलं जस्त निघून जातं आणि उरतो तो भुसभुशीत तुकडा. गनमेटल वापरा. सांध्याला ४५ किंवा ५५ टक्के चांदीची काडी घ्या, घेताना कॅडमियम नसलेली आहे ना ते विचारून घ्या, कॅडमियमचा धूर फुफ्फुसाला विष आहे. पुढे कधी कोळशावर इंजिन केलंत तर फॉस्फरसची काडी अजिबात नको, कोळशाच्या धुरातलं गंधक तो सांधा खातं.

शेवटी दिवा पूर्ण पेटवून इंजिन बंद ठेवून बघा, सेफ्टी वाल्व उघडल्यावर काटा ३३ च्या वर जाता कामा नये. गेला तर वाल्व लहान आहे. आपल्याकडे २५ लिटरच्या आतला बॉयलर कायद्याच्या व्याख्येतच बसत नाही, तुमचा तर पाऊण लिटरसुद्धा नाही, म्हणजे तपासायला कोणी इन्स्पेक्टर येणार नाही. तुम्हीच तुमचे इन्स्पेक्टर. एक वही करा, तारीख, दाब, किती वेळ धरला, आणि दोघांच्या सह्या. दर वर्षी परत.

होडीवाला_मालवण:

वरच्या दोघांनी सांगितलंय ते आधी करा. बोटीबद्दल फक्त एवढंच की मीटरभर बोटीत पाण्याने भरलेला बॉयलर वर ठेवलात तर ती पहिल्या वाऱ्याला कलंडते, माझी कलंडली आहे, वर्षभराचं काम तळ्याच्या गाळात गेलं होतं. बॉयलर जितका खाली जाईल तितका घ्या, कण्यालगत जाळ्याची शिशाची वजनं ओळीने ठेवा, आणि तळ्यावर जायच्या आधी घरच्या हौदात दोन बोटांनी काठ दाबून बघा, सोडल्यावर ती लगेच उभी राहिली पाहिजे. लाकूड शिवणीचं घ्या, हलकं असतं आणि पावसाळ्यात पीळ धरत नाही, तुमच्या सुतारांना माहीत असेलच. बॉयलरात पागोळ्यांचं पाणी गाळून वापरा, आत क्षार धरत नाहीत, पहिल्या पावसाचं मात्र नको.

आणि लेथवर प्लॅस्टिक टाकत असाल तर काढा, खाली घाम धरून जास्त गंजतं. तेलात भिजवलेलं सुती धोतर टाका आणि पेटीत एक पिवळा बल्ब रात्रंदिवस चालू ठेवा.

मिऱ्या_किनारा:

सगळ्यांचे खूप आभार, आणि दाभोळच्या काकांचे विशेष. पंधरा दिवसांनी लिहितोय. प्लंबरचा पंप आणला, ४५ पीएसआयला सेफ्टी वाल्वच्या पितळी बुशाखालून पाण्याचा एक मणी फुटला, मग दुसरा. बाई म्हणाल्या आता हेच आपण हवेवर पास केलं होतं, आणि बराच वेळ कोणी काही बोललं नाही. तिन्ही बुश काढले, मिरकरवाड्यातून आणलेल्या गनमेटलचे नवीन केले, ४५ टक्के चांदीच्या काडीने फ्लक्स लावून आमच्या मेकॅनिक काकांनी स्वतः बसवले, आतून सळईपण घातली. ६० ला वीस मिनिटं धरला, काटा जागेवर. दिवा फुल ठेवून, वाल्व उघडल्यावर काटा ३१ ला थांबतो. वही केलीय, पहिली सही बाईंची, दुसरी काकांची.

सिलिंडरही गनमेटलचा झाला. परवा रविवारी बॉयलरमधलं पाणी संपत येईपर्यंत म्हणजे बावीस मिनिटं फिरलं, तेलाची डबी मुलानेच बनवली आणि धुरांड्यातून तेलाचा वास यायला लागला तेव्हा तो ओरडलाच. बोटीच्या फळ्या अजून चढायच्या आहेत, नारळी पौर्णिमा बहुतेक चुकेल, पण बिनतपासता सोडणार नाही. पंखा किती इंचाचा घेऊ?

होडीवाला_मालवण:

दोन इंच, तीन पात्यांचा. ऑसिलेटिंगला रिव्हर्स नाही ना तुमच्या, मग सुकाणू मोठं ठेवा आणि पहिल्यांदा दोरी बांधूनच सोडा.