गावात रक्ताचे नमुने घेताना संमती खरी कशी घ्यायची?

प्रश्न: एमपीएच (सार्वजनिक आरोग्यातली मास्टर्स) करतेय, सध्या परदेशी विद्यापीठाच्या एका प्रोजेक्टसाठी नंदुरबारकडच्या पाड्यांवर गरोदर बायकांचं रक्त गोळा करायचं काम आहे. एथिक्स कमिटीची मंजुरी आहे, फॉर्म मराठीत आहे, पण बायका बोलतात पावरी, आणि येतात त्या आशाताईंनी बोलावलं म्हणून. मी वाचायला लागले की विचारतात, "अंगठा कुठं लावू?" काहींना वाटतं नाही म्हटलं तर दवाखान्यात औषध मिळणार नाही. कागदावर सगळं नीट आहे, मला मात्र पटत नाहीये. तुम्ही काय करता?

उत्तर १: आताच्या तेलंगणातल्या खम्ममचं प्रकरण वाच. २००९ साली तिथे एचपीव्ही (गर्भाशयमुखाचा कॅन्सर घडवणारा विषाणू) लशीचा प्रोजेक्ट झाला, मुली १० ते १४ वर्षांच्या, बऱ्याच आदिवासी वसतिगृहांतल्या, आणि कित्येक फॉर्मवर आईबापांच्या जागी वॉर्डननी सह्या केल्या. काही मुलींचे मृत्यू झाल्यावर २०१० मधे काम थांबवलं. चौकशीत मृत्यूंचा लशीशी संबंध दिसला नाही, पण संमतीवर ताशेरे आले, २०१३ ला संसदीय समितीनेही झाडलं. लस चांगली होती म्हणून वॉर्डनची सही चालते असं नाही ना होत.

उत्तर २: संमतीपुरतंच नाही हे. उस्मानाबादच्या गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या अभ्यासात एका गटाला तपासणीच दिली नव्हती, "इथे एरवी तरी कुठे होते" या आधारावर. २००९ ला निकाल आला, एकदा एचपीव्ही टेस्ट केली तरी मृत्यू जवळपास निम्मे होतात. माहिती मोलाची आहे, मान्य, पण न तपासलेल्या गटातल्या ६४ बायका त्या कॅन्सरने गेल्या. सरकार तेव्हा तपासणी देत नव्हतं म्हणून संशोधकानेही द्यायची नाही, हे मला आजही पटत नाही.

उत्तर ३: दोन्ही बरोबर, पण तिला उद्या पाड्यावर जायचंय. आयसीएमआरच्या (देशातल्या वैद्यकीय संशोधनाची सरकारी परिषद) २०१७ च्या नियमांत अंगठ्यासोबत निःपक्ष साक्षीदार लागतो, आशाताई तो नव्हे, त्यांनीच बायका आणल्यात. पावरी बोलणारी बाहेरची बाई घे. आदल्या दिवशी सांगून ये, रक्त दुसऱ्या दिवशी घे, मधे घरी बोलणं होतं आणि जिला नको ती सरळ येत नाही. अंगठ्याआधी तिलाच विचार, "रक्त कशाला घेतोय, सांग बरं?" नाही सांगता आलं तर थांब. आणि हिमोग्लोबिनचा आकडा तिला लगेच सांग, कमी असेल तर पीएचसीत (प्राथमिक आरोग्य केंद्रात) गोळ्या सुरू होईपर्यंत पाठपुरावा कर, नमुना पुण्यामुंबईला गेला आणि ती तशीच राहिली असं नको.

प्रश्नकर्ती: आदल्या दिवशी जायचं तर गाडीचा खर्च वाढेल, गाईड कुरकुरतील. तरी सोमवारी मांडते त्यांच्यापुढे.