मदत हवी आहे: घरात दोघांना सोरायसिस, पण दोघांचा प्रकार वेगळा?

नमस्कार मंडळी,

मी नाशिकला सिडकोत राहते. सासरे (आम्ही आबा म्हणतो) दिंडोरी तालुक्यात, द्राक्षबागेवर असतात. त्यांच्या कोपरांवर आणि गुडघ्यांवर खूप वर्षांपासून सोरायसिसचे चट्टे आहेत. जाड, कडा ठळक, वर चंदेरी पापुद्रा. पापुद्रा ओढून काढला की खाली टाचणीच्या टोकाएवढे रक्ताचे ठिपके दिसतात. थंडीत वाढतो, उन्हाळ्यात ओसरतो. त्याची आता घरात सगळ्यांना सवय झालीय.

पण यंदा पावसाळ्यात त्यांच्या जांघेत आणि काखेत लालभडक, गुळगुळीत चट्टे उठले. खवले अजिबात नाहीत, आग मात्र फार. गावातल्या मेडिकलवाल्याने गजकर्ण म्हणून ट्यूब दिली. लावली की लाली उतरते, थांबवली की दुप्पट. ट्यूबवरची बारीक अक्षरं वाचली तर क्लोबेटासोल (जोरदार स्टिरॉइड), बुरशीचं औषध आणि अँटिबायोटिक, सगळं एकातच! हे नक्की काय आहे? शिवाय त्यांच्या नखांवर बारीक खड्डे पडलेत आणि सकाळी बोटं आखडतात. ते म्हणतात, छाटणीची कात्री चालवून चालवून होतं.

दुसरी काळजी मुलीची. अकरावीत आहे. घसा धरून ताप आला होता, तो बरा झाल्यावर दोन-तीन आठवड्यांनी पोटावर, पाठीवर, दंडांवर लाल ठिपके आले, शिंतोडे उडाल्यासारखे. त्वचारोगतज्ज्ञांनी गटेट (ठिपक्यांचा) सोरायसिस सांगितलं. आबांचे चट्टे ती लहानपणापासून बघतेय, त्यामुळे आता आपलंही आयुष्यभर हेच, असं तिने धरूनच ठेवलंय. त्यात शेजारच्या काकू म्हणाल्या, तिचं ताट-टॉवेल वेगळं ठेवा. नणंदेने एका वैदूची पावडर आणलीय, "आठ दिवसांत गुण, गॅरंटी".

आबांना डॉक्टर सोरायसिससाठी मेथोट्रेक्सेटच्या गोळ्या सुरू करू म्हणतायत. पण आबा अधूनमधून दारू "घेतात". चालेल का? अनुभवी लोकांनी कृपया सांगा.

खवलेकर: ताई, मी या आजारातला जुना खेळाडू, डॉक्टर नाही. तरी सांगतो.

आधी पावडर बाजूला ठेवा. अशा "गॅरंटी" पुड्यांमध्ये बऱ्याचदा स्टिरॉइड मिसळलेलं असतं. म्हणूनच आठ दिवसांत चमत्कार दिसतो, आणि पुडी बंद झाली की आजार उसळतो. कधी अंगभर पूचे फोड येतात, कधी जवळजवळ सगळं अंग लाल होऊन कातडी सोलते. सोबत ताप, हुडहुडी असेल तर घरी थांबायचं नाही, सरळ ॲडमिट व्हायचं. त्या अवस्थेत शरीरातलं पाणी आणि उष्णता दोन्ही कातडीवाटे निघून जातात. माझ्या वॉर्डातल्या शेजाऱ्याचं हे झालेलं मी पाहिलंय, पांघरुणाचा स्पर्शही सोसत नव्हता त्याला.

आबांचं वर्णन इन्व्हर्स, म्हणजे कातडीच्या घड्यांत होणाऱ्या सोरायसिससारखं वाटतं. घड्यांत ओल असते, म्हणून खवले धरत नाहीत आणि सगळे त्याला गजकर्ण समजतात. उलटही होतं, म्हणून खात्री करायची तर डॉक्टर कातडी खरवडून बुरशी तपासतात. पण त्या ट्यूबने खरं रूप झाकलं जातं, तेव्हा ती लावतोय हे आधी सांगा. जांघेतली कातडी पातळ, तिथे क्लोबेटासोल चोळत राहिलं तर कायमचे वळ उठतात. तिथे डॉक्टर सौम्य स्टिरॉइड थोडे दिवस किंवा टॅक्रोलिमस हे बिनस्टिरॉइडचं मलम देतात.

मुलीला सांगा, घशाला स्ट्रेप्टोकोकस जंतूचा संसर्ग झाल्यानंतर येणारा हा प्रकार बऱ्याच जणांचा काही महिन्यांत निवळतो. काहींना पुढे आबांसारखे चट्टे येतात, हे लपवू नका, पण तेच होईल असंही नाही. अंगभर पसरलं असेल तर यूव्हीबी प्रकाशाचे शेक चांगले लागू पडतात. आणि काकूंना सांगा, हा संसर्गाने पसरतच नाही. ताट वेगळं केलंत तर पोरीच्या मनाला लागेल, बाकी काही होणार नाही.

मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच, रोज नाही! चुकून रोज घेऊन माणसं दगावली आहेत. वार ठरवा, पाकिटावर मोठ्या अक्षरात लिहा. फॉलिक ॲसिड डॉक्टर सांगतील त्या दिवशी. रक्ताच्या आणि लिव्हरच्या तपासण्या टाळू नका. आणि आबांची "अधूनमधून" बंद, यात घासाघीस नाही.

गोदाकाठी: नखांचे खड्डे आणि सकाळची आखडलेली बोटं कात्रीवर ढकलू नका. सोरायसिसचा संधिवात असू शकतो, उशीर केला तर सांधे वाकडे होतात. संधिवाततज्ज्ञांना दाखवा.

धागाकर्ती: खूप आभार दोघांचे. पावडर कचऱ्यात गेली, नणंद रुसलीय. ट्यूब पिशवीत घालून डॉक्टरांकडे नेते. आबांना बीपीसाठी अटेनोलॉल चालू आहे, तीही गोळी दाखवू का?

खवलेकर: दाखवाच. त्या गटातल्या गोळ्यांनी काहींचा सोरायसिस भडकतो. पण स्वतःहून बंद करू नका, बीपी अचानक चढेल. बदलायची का ते डॉक्टर ठरवतील.