जेवण झाल्यावर चीज आणि फिकी बिस्किटं? हे आलं कुठून?

अनघा_के: मुलगी लीड्सला असते. परवा तिच्या इंग्लिश सासूबाईंनी जेवायला बोलावलं होतं. गोड खाऊन झालं, मी हात धुवायला उठणार, तोच बाई लाकडी पाटावर चीजचे तुकडे आणि पांढरी फिकी बिस्किटं घेऊन हजर! ना फोडणी, ना चटणी. चव वाईट नव्हती, पण याला पदार्थ म्हणायचं का? आणि ही जोडी जमवली कुणी?

गलबतवाला: ताई, पदार्थ नका म्हणू, शिदोरी म्हणा. मी रत्नागिरीचा, 26 वर्षं मालवाहू जहाजांवर कुक होतो. दर्यावर ओल हाच शत्रू. म्हणून पीठ, पाणी, मीठ घट्ट मळून बिस्किट पार वाळेपर्यंत भाजायचं. त्याला भोकं पाडायची, नाहीतर वाफेनं पुरीसारखं फुगतं. तुमच्या बिस्किटावरची टोचणी तीच. आणि दुधातलं पाणी काढून दाबून ठेवलं की चीज.

18व्या शतकात इंग्रजी आरमारात खलाशाला रोज एक पौंड बिस्किट आणि आठवड्याला 12 औंस चीज मिळे, म्हणजे साधारण 340 ग्रॅम. सोमवार, बुधवार, शुक्रवार मांस नाही. बिस्किट, ओटची लापशी, लोणी, चीज. या दिवसांना ते म्हणत ‘बन्यान डे’. कशावरून? आपल्याकडच्या शाकाहारी वाण्यांवरून! गोऱ्यांचा उपास आणि नाव आपलं.

चीज मात्र बेकार. इंग्लंडातल्या सफोक परगण्यात दुधावरची साय लोण्यासाठी जायची, उरलेल्या पांचट दुधाचं चीज आरमाराच्या गळ्यात. खलाशी त्याची बटणं कोरत म्हणे. आरमाराच्या कचेरीतल्या सॅम्युएल पेपीसच्या रोजनिशीत 1661 सालची नोंद आहे: घरची नोकरमाणसं सफोकचं चीज खायला कुरकुर करतात म्हणून नवराबायको दोघं वैतागलेली. 1758 मध्ये आरमारानं ते बंद केलं आणि चेशायरसारखी बरी चीज घेतली.

बॉस्टनकर: इकडची थोडी भर. बॉस्टनजवळ मिल्टनला जोसाया बेंट 1801 पासून पीठपाण्याचे क्रॅकर, म्हणजे अशीच फिकी बिस्किटं, भाजून विकत असे. पुढे वाण्याच्या दुकानात ते पिंपातून सुटे मिळत, म्हणजे खालचे मऊ पडणार. 1898 मध्ये नॅशनल बिस्किट कंपनी निघाली आणि तिनं मेणकागद घातलेल्या पुड्यात क्रॅकर विकायला काढले. तेव्हा कुठे घराघरात कुरकुरीत पोचले.

अनघा_के: बाप रे! आणि त्या बिस्किटांना टोके नाही लागायचे?

गलबतवाला: लागायचे तर! टेबलावर आपटायचं, टोके झाडायचे, मग खायचं. मी तेवढं नाही बघितलं, पण त्याच घराण्यातली बिस्किटं आजही लाइफबोटीत असतात, माणशी निदान 10,000 किलोज्यूल भरतील इतकी. एकदा मुदत संपलेलं पाकीट आम्ही मेसमध्ये फोडलं. खडूसारखी भुगभुगीत, किंचित गोडसर. कुणीतरी डब्यातलं चीज आणलं, तर चार जणांत फडशा!

सासूबाईंना विचारा, चीज कुठलं होतं. खारट आणि हाताला सुटणारं असेल तर चेशायर.

अनघा_के: विचारलं. वेन्सलीडेल, त्यांच्या यॉर्कशायरचंच. वर म्हणाल्या, नाताळात आम्ही हे फ्रूटकेकबरोबर खातो. केकबरोबर चीज!! त्यासाठी वेगळा धागा काढते.