मतदार नोंदणी: टोळी निघायच्या आधी फॉर्म ६ भरू का? आणि वहिनीच्या जुन्या कार्डाचं काय करायचं?

तांडेकर_वडवणी

जय सेवालाल, राम राम मंडळी. आमचा तांडा वडवणी तालुक्यात, विधानसभा माजलगाव. मी बारावीला आहे, येत्या फेब्रुवारीत अठरा पूर्ण होतील. आई-बाप आणि भाऊ-वहिनी ऊसतोडीला जातात, घरचे दोन कोयते (एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी). उचल घेऊन झालीय, दिवाळी झाली की टोळी कर्नाटकात जायलीय. मग गुढीपाडव्यापर्यंत घरात मी अन् आजी. त्याच्या आधी सगळ्यांचं मतदार यादीचं काम उरकावं म्हणतो.

माझं अजून अठरा झालं नाही, तर फॉर्म आत्ता भरता येतो का? वहिनीचं माहेर पालम तालुक्यात, तिचं नाव तिकडं गंगाखेड मतदारसंघात आहे, कार्डावर बापाचं नाव आणि माहेरचं आडनाव. तालुक्याला एका ऑनलाइनवाल्याला विचारलं तर तो म्हणला, नवीन फॉर्म ६ भरून टाकू, जुनं राहू दे तिकडं. मला ते पटंना.

आणि सगळ्यात मोठी काळजी आई-बापाची. गावात एक जण सांगत फिरायलाय की सहा महिने बाहेर राहणाऱ्यांची नावं फॉर्म ७ भरून काढणार. असं करता येतं का? मुकादम म्हणतो, सगळ्या टोळीचे फॉर्म माझ्याकडं द्या, मी एकदाच नेऊन देतो. द्यावेत का?

मास्तर_धारूर

तांडेकर, बारावीचं वर्ष असताना तू घरादाराची काळजी करायलास, वाचून बरं वाटलं. मी जिल्हा परिषद शाळेवर शिक्षक आहे आणि बऱ्याच वर्षांपासून आमच्या यादी भागाचा बीएलओ, म्हणजे मतदान केंद्रस्तरीय अधिकारी. तुझ्या तांड्यालाही असाच कुणी शिक्षक, अंगणवाडीताई नाहीतर ग्रामसेवक असेल. आधी त्यांचं नाव काढ.

वहिनीचं पहिल्यांदा सांगतो, कारण लग्न होऊन आलेल्या लेकीबाळींची नावं जेवढी लटकतात तेवढी दुसऱ्या कुणाचीच नाही. तिचा फॉर्म ६ भरायचा नाही. फॉर्म ६ ज्याचं नाव कुठल्याच यादीत नाही त्याचा. त्यात खाली प्रतिज्ञा असते की मी पहिल्यांदाच नाव नोंदवत आहे, दुसऱ्या कुठल्या मतदारसंघात माझं नाव नाही. गंगाखेडला नाव असताना वहिनीनं त्यावर सही केली तर ते खोटं लिहून देणं झालं. लोकप्रतिनिधित्व कायदा १९५० च्या कलम ३१ मध्ये त्याला एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही आहे. सही वहिनीची असते, ऑनलाइनवाल्याची नसते.

तो माणूस असं का सांगतो तेही कळतं मला. २०२२ च्या ऑगस्टआधी दुसऱ्या मतदारसंघात गेलं की खरंच फॉर्म ६ च भरायला लावायचे, आणि त्याच मतदारसंघात घर बदललं तर फॉर्म ८अ होता. आता ८अ बंद झालाय. पत्ता बदलला, मतदारसंघ बदलला, नावात चूक आहे, कार्ड हरवलं, अपंगत्वाची नोंद करायची, सगळ्याला फॉर्म ८. जुन्या माणसांच्या डोक्यात जुनाच नियम बसलाय.

आता फॉर्म ८ मध्ये एक खाच आहे. वर चार पर्याय असतात आणि त्यातल्या एकावरच खूण करायची. वहिनीचा पत्ताही बदलायचाय आणि नावही. म्हणून पहिला अर्ज स्थलांतराचा करा. त्यात तिच्या जुन्या कार्डाचा क्रमांक, तीन अक्षरं आणि सात आकडे, नीट उतरवायचा. त्या क्रमांकावरूनच गंगाखेडची नोंद निघते आणि माजलगावला येते. तिकडचं नाव वगळायला वेगळा फॉर्म ७ भरायची गरज नाही. पत्त्याचा पुरावा तिच्या नावावर नसला तरी अडत नाही. भावाचं नाव त्याच पत्त्यावर यादीत आहे ना, मग भावाचं बँक पासबुक नाहीतर वर्षभरापासूनचं लाईटबिल चालतं. हा अर्ज मंजूर होऊन यादीत नाव दिसलं की मग दुसरा फॉर्म ८, दुरुस्तीचा. त्यात सासरचं आडनाव आणि बापाच्या जागी नवऱ्याचं नाव. त्याला नव्या नावाचं आधार किंवा विवाह नोंदणीचा दाखला जोडा. आणि बाईला माहेरचंच नाव ठेवायचं असंल तर तसंच ठेवता येतं. सासरी आली म्हणून आडनाव बदलायलाच पाहिजे असा यादीचा काही नियम नाही. वहिनीला विचारूनच ठरवा.

तुझं सोपं आहे. आता वर्षात चार अर्हता दिनांक, म्हणजे ज्या तारखेला अठरा पूर्ण असायला पाहिजेत त्या तारखा, असतात: १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै, १ ऑक्टोबर. पूर्वी फक्त १ जानेवारी होता, फेब्रुवारीत जन्मलेल्या पोराला पुढच्या वर्षापर्यंत थांबावं लागायचं. तुझा दिनांक १ एप्रिल. सतरा पूर्ण झाले की अर्ज आगाऊ देता येतो, तेव्हा फॉर्म ६ आत्ताच भर. जन्मतारखेला दहावीचं बोर्डाचं प्रमाणपत्र जोड.

फॉर्म ६ च्या दोन रकान्यांवर माझा जीव अडकतो. एक नावाचा. आपण शाळेपासून आडनाव आधी लिहितो, आणि फॉर्मवर पहिल्या रकान्यात स्वतःचं नाव अन् वडिलांचं नाव, आडनाव वेगळ्या रकान्यात असतं. पोरं सवयीनं पहिल्याच रकान्यात तिन्ही लिहितात, मग आडनावाच्या रकान्यात परत आडनाव. यादीत छापून येतं “राठोड” दोनदा. दुसरा रकाना घर क्रमांकाचा. तांड्यावर, वस्तीवर लोक तिथं शून्य लिहितात किंवा काहीच लिहीत नाहीत. मग एका घरातली पाच माणसं यादीत पाच ठिकाणी विखुरतात आणि आम्ही बीएलओ दारोदार विचारत हिंडतो. ग्रामपंचायतीच्या नमुना ८ वर (घरांच्या नोंदीचा उतारा, मतदाराचा फॉर्म ८ नव्हे) तुमच्या घराचा क्रमांक असतो, तो सगळ्यांच्या फॉर्मवर एकसारखा लिहा. त्याच फॉर्मवर घरातल्या आधीच्या मतदाराचं नाव, नातं आणि कार्ड क्रमांक विचारलेला असतो. तिथं बापाचा क्रमांक लिही, म्हणजे तुझं नाव त्यांच्याच भागात पडतं.

मुकादमाकडं फॉर्म देऊ नका. गठ्ठ्यानं आणलेले फॉर्म घ्यायचे नाहीत असा आम्हाला आदेश असतो. घरातल्या माणसांचे एकानं आणून दिले तर चालतं. तू स्वतः बीएलओकडं जा आणि प्रत्येक फॉर्मची खालची पोचपावती फाडून घे.

आणि टोळी निघायच्या आधी द्या, अगदी शेवटच्या दिवशी नको. अर्ज आला की आम्ही घरी पडताळणीला येतो. भाऊ-वहिनी कर्नाटकात असतील तर मी कुणाला भेटू? घराला कुलूप दिसलं की अर्ज लटकतो, आणि मला त्याचं फार वाईट वाटतं, कारण माणूस खरा असतो, घर खरं असतं.

सेतू_लातूर

मास्तरांनी बहुतेक सगळं सांगितलंय. मी केंद्रावर रोज हेच फॉर्म भरते, म्हणून ऑनलाइन भरताना काय बघायचं तेवढं सांगते.

इंग्रजीत नाव टाकलं की पोर्टल शेजारच्या रकान्यात आपोआप मराठी करतं. ते डोळे झाकून पुढं ढकलू नका. “ज्ञानोबा”चं “द्न्यानोबा” होतं, “बाळू”चं “बालू”. आमच्याकडं येणाऱ्या दुरुस्त्यांमध्ये निम्म्या अशाच असतात. मराठी रकाना स्वतः वाचून हातानं दुरुस्त करा, आईला नाहीतर बापाला मोठ्यानं वाचून दाखवा.

मोबाईल नंबर स्वतःचा नसेल तर घरच्या माणसाचा द्यायची सोय फॉर्ममध्येच आहे. तुझ्या घरात तू गावात राहणार, तर वहिनीच्या फॉर्मवर तुझा दे. दुकानवाल्याचा किंवा मुकादमाचा नंबर टाकला की मेसेज तिकडंच जातात आणि घरच्यांना पत्ता लागत नाही. फोटो पांढऱ्या पार्श्वभूमीचा, समोरून काढलेला, त्यावर सही नको.

आधार नसेल तर “माझ्याकडे आधार नाही” असा पर्याय फॉर्मवरच आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयात निवडणूक आयोगानं स्वतःच सांगितलंय की मतदार नोंदणीला आधार सक्तीचा नाही. आमच्याकडं पालावरची माणसं येतात, ना घर ना लाईटबिल. त्यांनाही परत पाठवायचं नसतं. फॉर्मवर ते जिथं झोपतात ती जागा लिहायची. बीएलओनं एकापेक्षा जास्त रात्री जाऊन ते खरंच तिथं झोपतात का बघायचं, आणि ते पटलं की पत्त्याचा कागद लागत नाही.

वकील_अंबाजोगाई

आई-वडिलांच्या प्रश्नावर लिहितो, कारण ही अफवा आमच्या भागात दर हंगामात उठते आणि लोक घाबरतात.

त्याच १९५० च्या कायद्यातलं कलम २० वाचा. माणूस जिथं सर्वसाधारणपणे राहतो तिथं त्याची नोंद. आणि तिथंच स्पष्ट लिहिलंय की तात्पुरतं बाहेर गेल्यानं त्याचं राहणं संपत नाही. सहा महिने कारखान्याच्या तळावर खोपीत राहून पाडव्याला परत येणारा माणूस तात्पुरताच बाहेर गेलेला असतो. घर इथं, रेशनकार्ड इथं, लेकरं इथल्या शाळेत. उलट नुसतं घर मालकीचं आहे म्हणून मतदार होता येत नाही, हेही त्याच कलमात आहे. पुण्यात कायमचे स्थायिक झालेल्यांनी फक्त वाड्यासाठी इथं नाव ठेवणं आणि ऊसतोड कामगारानं ठेवणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

फॉर्म ७ ऐकीव माहितीवर भरून जमत नाही. भरणारा त्याच मतदारसंघाच्या यादीत असावा लागतो, त्याला स्वतःचं नाव आणि कार्ड क्रमांक लिहावा लागतो, कारण द्यावं लागतं, आणि खोट्या निवेदनाला तेच कलम ३१ लागू आहे. कायमचं स्थलांतर हे कारण दिलं असेल तर नाव काढण्याआधी त्या मतदाराला म्हणणं मांडायची संधी द्यावीच लागते, कलम २२ प्रमाणे. खरी अडचण इथंच येते: नोटीस घरी येते तेव्हा माणूस बेळगावकडं असतो. म्हणून आजीला सांगून ठेव, तहसीलचा कुठलाही कागद आला की घ्यायचा, परत पाठवायचा नाही, आणि तू मुदतीत लेखी उत्तर दे. सोबत रेशनकार्डाची झेरॉक्स आणि ते दरवर्षी परत येतात हे सांगणारं सरपंचांचं पत्र जोड.

तरीही नाव वगळलं तर मतदार नोंदणी अधिकाऱ्याच्या आदेशावर पंधरा दिवसांत जिल्हाधिकाऱ्यांकडं अपील, त्यावर तीस दिवसांत मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांकडं दुसरं. निवडणूक लागली की मात्र वेळ फार कमी उरतो. उमेदवारी अर्जाची शेवटची तारीख उलटली की त्या निवडणुकीसाठी यादीत नाव घालता-काढता येत नाही. २०२४ च्या विधानसभेला ती तारीख २९ ऑक्टोबर होती आणि मतदान २० नोव्हेंबरला. म्हणजे टोळ्या निघायच्या ऐन दिवसांत.

तांडेकर_वडवणी

मास्तर, ताई, वकीलसाहेब, लै उपकार झाले. आज बीएलओ मॅडमना फोन केला, रविवारी तांड्यावर येते म्हणल्या. वहिनीला विचारलं, ती म्हणली आडनाव सासरचं लाव. अजून एक राहिलं: बापाच्या कार्डावर आजोबाचं नाव चुकून “किसन”चं “किशोर” झालंय. आता अठरा-वीस वर्षं तेच चालू आहे. ते दुरुस्त करावं का असूच द्यावं? आणि बापाला सही येत नाही.

मास्तर_धारूर

करूनच टाक. आज चालतंय, पण तुझ्या फॉर्मवर तू बापाचा क्रमांक देणार आहेस, मग एकाच घरात आजोबाची दोन नावं नकोत. फॉर्म ८, दुसरा पर्याय, दुरुस्तीचा. दुरुस्तीच्या यादीत फक्त नातेवाइकाच्या नावावर खूण कर, बाकीच्या रकान्यांना हात लावू नको, नाहीतर बरोबर असलेली नोंदही परत तपासणीत जाते. पुराव्याला आजोबाचं नाव बरोबर असलेला बापाचा कुठलाही सरकारी कागद जोड. सातबारा असेल तर त्यावर वडिलांचं नाव असतंच. सहीच्या जागी अंगठा चालतो, झेरॉक्सवर पण अंगठाच.

रविवारी मॅडम येतील तेव्हा चौघंही घरी थांबा आणि त्यांच्या जवळच्या यादीत तांड्यावरच्या बाकीच्या घरांचीही नावं बघून घे. तुमच्यासारखीच आणखी दोन-चार लग्न होऊन आलेल्या पोरी असतील, त्यांचेही फॉर्म ८ त्याच दिवशी होऊन जातील. काही अडलं तर १९५० या मतदार हेल्पलाइनवर फोन कर, नाहीतर इथंच लिही.