चोरलच्या टेकडीवर लाकडी आवरणाचे घर बांधावे का?

माळवी : इंदूरजवळच्या चोरलकडे आमची थोडी जमीन आहे. तिथे उताराला धरून एकमजली घर बांधावे आणि विटांच्या भिंतींना बाहेरून सागवानी फळ्या लावाव्यात, असा विचार आहे. फळी आणि भिंत यांच्यामधल्या बोटभर पोकळीतून तापलेली हवा वर निघून जाते. शिवाय सुक्या लाकडाच्या वजनाचा जवळपास निम्मा भाग कार्बन असतो आणि लाकूड टिकेल तोवर तो तिथेच राहतो. केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागानेही १९९३ पासूनची लाकडावरची बंदी २०२० मध्ये उठवली आहे. फळ्यांना रंग दिला नाही, तर घर रानात मिसळून जाईल.

रामबागकर : इंदूरचे असून आपण होळकरांचा राजवाडा विसरलात, याचे नवल वाटते. त्याचे खालचे तीन मजले दगडी, वरचे चार लाकडी. १९८४ च्या आगीनंतर काय उरले, ते आमच्या पिढीने पाहिले आहे. चोरलचे रान पानगळीचे. होळीनंतर सागाची पाने पायाखाली पापडासारखी मोडतात आणि तेव्हा एक जळती विडी पुरते. ज्या पोकळीचे आपण कौतुक करता, तीच आगीला धुराड्यासारखी वर ओढते. म्हणून घराभोवतीची जमीन झाडून मोकळी ठेवावी लागेल, आणि ती मोकळी केली की मिसळण्याची गोष्टच संपली. रस्ता, कूपनलिका आणि रात्रीचे दिवे तर कोणत्याच फळीमागे लपणार नाहीत.

माळवी : राजवाड्यात लाकूड भार पेलत होते, इथे तो नुसता अंगरखा आहे. पोकळीचा मुद्दा मात्र खरा. ती मध्ये मध्ये बंद करावी लागेल.

कडीपाट : या वादात वाळवी राहूनच गेली. आमच्या जुन्या घराची सागवानी चौकट वरून गुळगुळीत होती, पण सहज दाबली तर बोट आत गेले. सुताराने कडेचे पांढरट लाकूड वापरले होते; सागाची ख्याती गाभ्याच्या लाकडाची आहे. फळ्या जमिनीपासून वीतभर तरी वर ठेवा. आणि बिनरंगी फळी एकसारखी करडी होत नाही : वळचणीखाली ती तपकिरी राहते, ऊन-पावसात करडी पडते, आणि भिंत ठिगळे लावल्यासारखी दिसते.

रामबागकर : मिसळायचेच असेल, तर त्या टेकडीचाच काळा पाषाण का नको?

माळवी : पश्चिमेच्या भिंतीला पाषाण मान्य आहे. पूर्वेच्या पडवीच्या फळ्या मात्र मी सोडणार नाही.