वडोदऱ्यात विमान बनतंय, पण ड्रॉइंग कुणाचं?

दांडियाबाजारकर
ऑक्टोबर २०२४ मध्ये आपल्या गावात टाटा-एअरबसच्या सी-२९५ या लष्करी वाहतूक विमानाच्या कारखान्याचं उद्घाटन झालं. वायुदलाच्या ५६ विमानांपैकी १६ स्पेनहून तयार आली, उरलेली ४० इथे व्हायची. खाजगी कंपनी देशात अख्खं लष्करी विमान उभं करतेय, याचा मला मनापासून अभिमान आहे. पण इंजिन, लँडिंग गिअर (चाकांची यंत्रणा), एव्हिऑनिक्स (विमानातली इलेक्ट्रॉनिक यंत्रणा) एअरबसच पुरवणार. हे विमान ज्याची जागा घेतंय ते ॲव्हरो विमान एचएएल या सरकारी कंपनीने कानपूरला बनवलं होतं, १९६०च्या दशकात, ब्रिटिश आराखड्यावरून. इतक्या वर्षांनी पैसा खाजगी झाला, आराखडा परकाच राहिला. संशोधनाशिवाय नुसती गुंतवणूक मला अपुरी वाटते.

मकरपुरा_लेथ
दादा, नाही पटलं. मी मकरपुरा जीआयडीसीत, म्हणजे इथल्या औद्योगिक वसाहतीत, १९ वर्षं सुटे भाग बनवतोय. या विमानाचे १३,४०० भाग आणि ४,६०० उपजोडण्या भारतात होणार आहेत. विमानाच्या कामात साधा ब्रॅकेट करायचा तरी धातू कुठून आला याचा कागद लागतो, आणि एएस-९१०० हे विमान उद्योगाचं गुणवत्ता प्रमाणपत्र नसेल तर कुणी चौकशीलासुद्धा येत नाही. ही शिस्त पुस्तकातून येत नाही, कामातून येते.

दांडियाबाजारकर
शिस्तीबद्दल वाद नाहीच. पण दुसऱ्याच्या ड्रॉइंगवर काम करणाऱ्याला त्यातली एक रेघ बदलता येत नाही. आपल्या तेजस लढाऊ विमानासाठी देशी कावेरी इंजिन १९८९ला मंजूर झालं, तेजस अजून अमेरिकी इंजिनावर उडतं. सयाजीराव महाराजांनी १८९०ला कलाभवन ही तांत्रिक शिक्षणाची संस्था काढली ती कारागिराला शास्त्र कळावं म्हणूनच ना?

सयाजीगंज
कावेरी सरकारी प्रयोगशाळेचं काम होतं, त्याचं खापर खाजगीवर कशाला? उलट खाजगीची अडचण वेगळी आहे. गिऱ्हाईक एकच, सरकार. ४० विमानांनंतर पुढची ऑर्डर दिसत नसेल तर इंजिनावर वीस वर्षं पैसा कोण अडकवेल? आयडेक्स या संरक्षणातल्या नव्या शोधांसाठीच्या सरकारी योजनेच्या २०१८च्या मूळ स्वरूपात स्टार्टअपना दीड कोटीपर्यंत मदत मिळते. त्यात ड्रोन किंवा सेन्सर होईल, इंजिन होणार नाही. तो खर्च सरकारनेच उचलावा.

मकरपुरा_लेथ
ऑर्डरचं अगदी बरोबर. एका मोठ्या कंपनीत माझा नमुना पास झाला, त्यावर १४ महिने गेले, ऑर्डर नाही. मशीनचा हप्ता मात्र दर महिन्याला जातोय. दादा, माझा मुलगा टेक्नॉलॉजी फॅकल्टीत मेकॅनिकलला आहे, म्हणजे तुमच्या कलाभवनातच, त्याचीच पुढे ही फॅकल्टी झाली. उद्या ड्रॉइंग तो काढेल. तोवर माझं वर्कशॉप चालू राहायला मला आज दुसऱ्याच्या ड्रॉइंगवरचं काम हवंय.