शैक्षणिक कर्ज: बँक सातबारा मागते, वडिलांचं पीककर्ज थकलंय

बांधावरून:
गावातल्या एका मुलाला पॉलिटेक्निकला कॅप राउंडमधून (सरकारी केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून) प्रवेश मिळालाय. खुला प्रवर्ग, दीड एकर कोरडवाहू, उत्पन्न लाखाच्या आत. शिष्यवृत्ती धरूनही वसतिगृह, मेस, पुस्तकं मिळून वर्षाला ६० हजार कमी पडतात. बँक म्हणते सातबारा तारण द्या नाहीतर जामीनदार आणा. हे नियमात बसतं का?

पासबुक:
बसत नाही. ४ लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला तारण घेऊ नये, असे रिझर्व्ह बँकेचे निर्देश आहेत. इंडियन बँक्स असोसिएशनच्या आदर्श योजनेत एवढ्या रकमेला मार्जिनही (स्वतः घालायचा वाटाही) नाही आणि प्रोसेसिंग फीही नाही. पालकाने सहकर्जदार म्हणून सही करायची.

तोंडी विचारू नका. तोंडी नकाराचा पुरावा राहत नाही. विद्यालक्ष्मी या शैक्षणिक कर्जाच्या सरकारी पोर्टलवर अर्ज भरा. एकाच अर्जात तीन बँका निवडता येतात आणि अर्ज क्रमांक हातात राहतो. नाकारायचं असेल तर बँकेने कारण लेखी द्यायला हवं. आधी बँकेकडेच लेखी तक्रार करा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं.

खरी अडचण वडिलांच्या थकबाकीची आहे, कारण सहकर्जदाराचा सिबिल, म्हणजे कर्जफेडीची नोंद, बघतातच. खातं कर्जमाफीत मिटलेलं असूनही सिबिलवर थकीत दिसत असेल, तर आधी त्या बँकेचा बेबाकी दाखला (कर्ज बाकी नसल्याचा) घ्या. खरंच थकलेलं असेल तर आईला सहकर्जदार करता येईल का, ते विचारा.

हिशेबी:
कॉलेजकडून खर्चाचं पत्र नीट घ्या, इथेच बहुतेकांचं चुकतं. कार्यालय फक्त ट्यूशन फीचं पत्र देतं आणि बँक तेवढंच मंजूर करते. मग मेसच्या पैशांसाठी दुसऱ्या वर्षी मर्यादा वाढवून मागावी लागते, आणि ते फार जिकिरीचं जातं. पत्रावर तिन्ही वर्षांचा खर्च वेगवेगळा हवा: फी, वसतिगृह, मेस, परीक्षा, पुस्तकं, साहित्य. राज्याच्या राजर्षी शाहू शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती योजनेतून ट्यूशन फीची निम्मी रक्कम मिळते. ती वजा करूनच कर्ज मागा. जास्तीचं कर्ज म्हणजे जास्तीचं व्याज.

बांधावरून:
आईच्या नावावर कर्ज नाही. व्याजाचं काय? कुणी म्हणतं सरकार भरतं.

पासबुक:
केंद्राची व्याज अनुदान योजना बारावीनंतरच्या तांत्रिक-व्यावसायिक कोर्सना आहे, म्हणून हा कोर्स तिच्यात बसतो का ते आधी शाखेत विचारा. बसत असेल आणि पालकांचं वार्षिक उत्पन्न साडेचार लाखांपर्यंत असेल तर कोर्सचा काळ अधिक एक वर्ष, एवढ्या मुदतीचं पूर्ण व्याज सरकार भरतं. पण संस्थेला नॅक किंवा त्या कोर्सला एनबीए मानांकन (दर्जा तपासून दिलेली मान्यता) हवं. एनबीए मानांकन कोर्सनिहाय असतं. त्याच कॉलेजातल्या मेकॅनिकलला असू शकतं आणि सिव्हिलला नसू शकतं. फी भरण्याआधी तपासा. कोर्स मध्येच सोडला तर हे अनुदान मिळत नाही. त्याला आजारपणाचा अपवाद आहे.

तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला कर्जाची पहिली रक्कम उचलण्याआधीच शाखेत द्या आणि पोच घ्या. आधार, दहावीची गुणपत्रिका आणि दाखला यांवर नाव अक्षरन् अक्षर सारखं हवं. एकीकडे "विठ्ठल" आणि दुसरीकडे "विठ्ठलराव" एवढ्यावरूनही दावा अडकतो. अनुदानाचा दावा शाखा करते, मुलगा नाही. म्हणून दरवर्षी कर्जखात्याचा उतारा काढून अनुदान जमा झालं का ते बघायचं.

हिशेबी:
अनुदान बसलं नाही तर हिशेब असा. दर वर्षाच्या सुरुवातीला ६० हजार उचलले, व्याज सरळव्याजाने १० टक्के धरलं. कोर्स ३ वर्षं, पुढे १ वर्ष परतफेड न करण्याची सवलत. पहिल्या ६० हजारांवर ४ वर्षांचे २४,०००, दुसऱ्यावर १८,०००, तिसऱ्यावर १२,०००. एकूण ५४,००० व्याज. मुदत संपली की ते मुद्दलात मिळतं आणि परतफेडीचा हप्ता २,३४,००० वर बसतो.

पहिल्या वर्षी महिन्याचं व्याज ५०० रुपये होतं. दुसऱ्या वर्षी १,०००, तिसऱ्या वर्षापासून १,५००. जमेल तेवढं भरत राहिलं तरी बोजा हलका होतो. भरताना "व्याजापोटी" असं स्लिपवर लिहा आणि पुढच्या उताऱ्यात ते तसंच नोंदलंय का पाहा.